झाईकडे जाणारा रस्ता

कोकण म्हटलं की मुंबईकराची गाडी दक्षिणेला वळते. पनवेल, पेण, वडखळ आणि पुढची सगळी वळणं त्याला पाठ असतात. महाराष्ट्राचा किनारा सुरू होतो तो मात्र उत्तरेला, तलासरी तालुक्यातल्या झाई या मच्छीमारांच्या गावी. ७२० किलोमीटरचा किनारा हा आकडा शाळेच्या भूगोलात सगळ्यांनी घोकलेला असतो, पण त्याचं पहिलं गाव कोणतं हे सांगणारा क्वचित भेटतो. अहमदाबादकडे जाणाऱ्या महामार्गावरून आणि सुरतेच्या गाड्यांच्या खिडक्यांतून हा मुलूख असंख्य लोक रोज ओलांडतात. उतरणारे फार थोडे.

दिवाळी उलटली आणि भातं कापून झाली की या बाजूला गाडी घेऊन निघावं, आणि एका दिवसात परत यायची घाई करू नये. मुक्काम करत, मधले फाटे घेत गेलं तरच हा प्रदेश बोलतो. माझ्या मनात जाताना एक प्रश्न होता. मोठा रस्ता ज्या गावांजवळून जातो, त्यांना तो काय देतो आणि तिथून काय काय उचलून नेतो? झाईला पोहोचेपर्यंत त्याचं उत्तर तुकड्यातुकड्यानं मिळत गेलं.

घोडबंदरच्या पुढे वसईची खाडी ओलांडली की शहर संपलं असं वाटतं, पण ते खरं नसतं. विरारपर्यंत डोंगराच्या पायथ्याशी चाळी, गाळे, गोदामं चढत गेलेली दिसतात. शिरसाड सोडल्यावर मात्र साग आणि पळस सुरू होतात. मनोरला वैतरणा लागते, पुढे चारोटीजवळ सूर्या नदी. सूर्येवरची धामणी आणि कवडास ही धरणं आखली गेली ती डहाणू, पालघर, विक्रमगड भागातल्या शेतीला पाणी मिळावं म्हणून. आज त्यातलं बरंचसं पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला जातं. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची सूर्या योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची आहे. आपण गाडीतून उत्तरेला निघालेलो असतो आणि त्याच वाटेनं पाणी दक्षिणेला येत असतं, हे एकदा लक्षात आलं की या रस्त्याकडे बघायची नजर बदलते.

चारोटीच्या त्याच सूर्येच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. उदवाड्याहून, पारशांच्या सर्वांत पवित्र अग्नीच्या गावाहून, ते परतत होते. मागच्या आसनावरच्या पट्ट्याची चर्चा त्यानंतर देशभर झाली. या रस्त्यावर वेग हाच नियम आहे. माझा सल्ला असा, की चारोटीला महामार्ग सोडून द्यावा आणि पुढचा सगळा प्रवास आतल्या रस्त्यांनी करावा.

चारोटीजवळच विवळवेढ्याची महालक्ष्मी आहे. चैत्री पौर्णिमेपासून इथे मोठी जत्रा भरते आणि ती पंधरा दिवस चालते. देवीच्या डोंगरावर ध्वज लावण्याचा मान वाघाडी गावच्या सातवी या आदिवासी घराण्याकडे आहे. डहाणू, तलासरी, जव्हारकडची माणसं तर येतातच, गुजरातेतूनही येतात. जत्रेतून घरी जाताना पावसाळ्याची बेगमी म्हणून मसाले आणि सुकी मासळी नेण्याची इथली जुनी रीत आहे. आपण जातो त्या दिवसांत जत्रा नसते. देऊळ शांत असतं आणि आजूबाजूच्या खाचरांत भाताच्या उडव्या रचलेल्या असतात.

चारोटीहून डहाणूकडे जाताना गंजाड लागतं. या गावच्या कळंबीपाड्यात वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे राहत. वारली चित्रं मुळात बायकांनी काढायची. लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठानं चौक लिहायच्या, मध्ये पालघट देवी, आणि लग्न झालं की त्या चित्राचं काम संपलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचा चित्रकार इथल्या पाड्यांत येऊन राहिला. त्यानं कागद आणि रंग आणून दिले, आणि त्यातून म्हसे रोज, लग्नाविना, स्वतःसाठी चित्रं काढू लागले. भिंतीवरचे चौक कागदावर आले आणि त्यांत शेत, तारपा, मासेमारीचं जाळं, मुंग्या, रेल्वे असं सगळं जग शिरलं. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले. मुंबईच्या हॉटेलांच्या भिंतींवर आणि विमानतळांवर आज जी वारली नक्षी दिसते, तिचा उगम या फाट्यावरच्या पाड्यात आहे. नक्षी शहरात पोहोचली. तिच्या मागची पूजा, गाणी आणि लग्न लावणारी धवलेरी बाई इथेच राहिली. धवलेरीची गाणी नसतील तर वारल्यांच्या घरात लग्न लागत नाही, आणि चित्र विकत घेणाऱ्याला बहुधा हे ठाऊकही नसतं.

डहाणू गावात रेल्वेच्या आसपास बाजार आहे. पश्चिमेला खाडी, पोर्तुगीज काळातला किल्ला आणि समुद्र. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत हा किल्ला मराठ्यांकडे आला. एप्रिल २०१३ मध्ये मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि हे गाव चर्चगेटला जोडलं गेलं. तरीही डहाणू अजून नालासोपारा झालेलं नाही. याचं कारण एका सरकारी कागदात आहे. २० जून १९९१ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि उद्योगांवर कडक मर्यादा घातल्या. कागद पाळला जावा म्हणून लोकांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. न्यायालयाच्या आदेशानं १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. धर्माधिकारींनी हे काम शेवटपर्यंत, म्हणजे दोन दशकांहून जास्त काळ, निभावलं. खाडीकाठचं ५०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्रसुद्धा त्यांच्या देखरेखीतून सुटलं नाही. आज डहाणूत चिकूच्या वाड्या आहेत, खाजणं आहेत, मासळी आहे, याचं मोठं श्रेय या एका प्राधिकरणाला द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

याच प्राधिकरणानं १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला होता. वाढवण हे डहाणूच्या दक्षिणेकडचं किनाऱ्यावरचं गाव. बंदराचा प्रस्ताव पुढे पुन्हा वर आला, २०२३ मध्ये प्राधिकरणाची अटींसह परवानगी मिळाली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला मंजुरी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरात पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. समुद्रात भराव घालून जमीन तयार केली जाणार आहे. नव्वदच्या दशकापासून इथले मच्छीमार, शेतकरी आणि आदिवासी या बंदराला विरोध करत आले आहेत. किनाऱ्यावरून जाताना भिंतींवर, होड्यांवर त्याच्या घोषणा लिहिलेल्या दिसतात. बंदर झालं तर रोजगार येईल असं मानणारेही इथे आहेत, आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. पण जिथे मासे अंडी घालतात तो खडकाळ समुद्र एकदा भरला की परत मिळत नाही, हे मच्छीमाराला कोणत्याही अहवालापेक्षा जास्त कळतं. तीस वर्षं तो तेच सांगतो आहे.

डहाणूहून बोर्डीला किनाऱ्यानं जाणारा सतरा किलोमीटरचा रस्ता हा या प्रवासाचा सगळ्यात देखणा भाग. नरपड, चिखले, घोलवड. डावीकडे सुरूची बनं, त्यापलीकडे समुद्र. उजवीकडे चिकूच्या वाड्या, एकीला लागून दुसरी, फांद्या जमिनीपर्यंत टेकलेल्या, आत भरदुपारी हिरवट काळोख. मधेच ताड आणि खजुरी, खोडाला खाचा पाडलेल्या आणि शेंड्याशी मडकी बांधलेली. समुद्राचा तळ इथे फार उथळ आहे. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की किनाऱ्यावर उभं राहून समुद्र शोधावा लागतो. गाडी हळू चालवावी, कारण सायकलवरून येणारी शाळेची मुलं आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया या रस्त्याच्या खऱ्या मालक आहेत.

चिकू हे मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं झाड. तिकडे त्याच्या चिकापासून चघळायचा डिंक काढत. इकडे ते घोलवड-डहाणूच्या वाळूमिश्रित जमिनीत आणि दमट हवेत असं रुजलं की आता ते या पट्ट्याचं कुलदैवत झालं आहे. वाड्या लावल्या त्या बहुतेक पारशी आणि इराणी बागायतदारांनी आणि वाडवळ, भंडारी अशा स्थानिक समाजांनी. कालीपत्ती ही इथली मुख्य जात. २०१६ मध्ये डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. बोर्डीत २०१३ पासून हिवाळ्यात चिकू महोत्सव भरतो, आणि आता चिकूचे सुकवलेले काप, लोणचं, वाइनसुद्धा मिळते.

वाडीत सकाळी लवकर गेलं तर तोडणी बघायला मिळते. चिकू पिकला म्हणून रंग बदलत नाही, त्यामुळे झाडावरचं कोणतं फळ तयार आहे हे बाहेरच्याला कळणं अवघड. तोडणारी माणसं फळावरची तपकिरी भुकटी कशी झडली आहे ते बघतात, शंका आली तर नखानं साल किंचित खरवडतात. आत हिरवं दिसलं तर अजून वेळ आहे, पिवळसर दिसलं तर तोडायचं. उंचावरची फळं बांबूच्या टोकाला बांधलेल्या जाळीनं काढतात. देठातून चीक गळतो आणि हातांवर काळा होऊन बसतो. मग फळं धुवायची, आकाराप्रमाणे वेगळी करायची, खोक्यांत भरायची. संध्याकाळी टेम्पो येतो आणि माल मुंबईला, दिल्लीला, राजस्थानला निघतो. तोडणारे हात जवळजवळ सगळे आदिवासी, वारली आणि धोडी. वाडी मालकाची, झाडाची ओळख मजुराची. बी पोखरणाऱ्या अळीनं आणि लांबलेल्या पावसात येणाऱ्या बुरशीनं बागायतदार सध्या त्रस्त आहेत, आणि मजूर मिळत नाहीत ही त्यांची दुसरी तक्रार. मजूर जातात कुठे, ते पुढे झाईला समजतं.

घोलवड-बोर्डीत मुक्काम करावा. वाड्यांमधून राहण्याची सोय होते, जेवायला ताजे बोंबील असतात, आणि थंडी पडली की उकडहंडी. मडक्यात कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा घालून पाण्याविना शिजवलेली ही भाजी वाडवळांची खासियत. सीमेपलीकडे वलसाडला तिच्याच नात्यातलं उबाडियूं रस्त्याच्या कडेला मिळतं.

बोर्डीत दोन गोष्टी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिली आहे डोंगरात. असवलीच्या धरणामागे बाहरोटचा डोंगर उभा आहे, सुमारे दीड हजार फुटांचा, आणि त्याच्या माथ्याशी कोरलेल्या गुहा. संजाणचं पारशी गाव मुसलमानी फौजेनं लुटलं तेव्हा दस्तुरांनी आपला इराणशाह अग्नी या गुहांत आणला आणि बारा वर्षं जपला, असं १६०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘किस्सा-इ-संजाण’मध्ये आहे. तिथून तो वांसदा, नवसारी करत १७४२ मध्ये उदवाड्याला स्थिरावला. पारशी आजही या डोंगरावर दर्शनाला चढतात. चढ दमवणारा आहे. माथ्यावरून रेल्वेचा रूळ, चिकूची हिरवी पट्टी, समुद्र आणि उत्तरेला गुजरात एका नजरेत येतो, आणि अग्नी घेऊन पळालेल्या माणसांनी हीच जागा का निवडली असेल ते लगेच उमगतं. कोणत्याही बाजूनं माणूस येताना इथून दिसतो.

दुसरी गोष्ट शाळेची. बोर्डीला गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा १९२० पासून आहे. आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक इथे येऊन राहिले आणि आदिवासींच्या कामात पडले. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलेलं होतं, पण ते शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांसाठी होतं. खेड्यातल्या गरिबाच्या पोराला परवडेल अशी बालवाडी करून बघायची म्हणून त्यांनी बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. त्याच वर्षी पुण्याहून अनुताई वाघ येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, नंतर शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई आल्या त्या जन्मभरासाठी.

मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. सकाळी वस्तीवर जायचं, मुलांना आंघोळी घालायच्या, केस विंचरायचे, आणि तिथेच अंगणात बसून गाणी, गोष्टी, मोजणी. साधनं म्हणजे शंख-शिंपले, बिया, पानं, माती. आज देशभर जिला आपण अंगणवाडी म्हणतो तिची सुरुवात ही. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं, आणि तिथे वारल्यांच्या मुलांची वेगळीच अडचण समोर आली. सहा-सात वर्षांचा मुलगा म्हणजे घरचा गुराखी. तो वर्गात बसला तर गुरं कोण सांभाळणार? मग बाई गुरांमागे गेल्या. गुरं चरत असतील त्या माळावर, झाडाखाली फळा टांगून शिकवायचं. या शाळांना कुरणशाळा म्हणत. शिक्षणावर मी पुष्कळ वाचलं आहे, पण या एका कल्पनेइतकं साधं आणि धाडसी त्यात फार थोडं आढळलं. मुलाचं काम, त्याची गरिबी, त्याची वेळ हे सगळं आधी मान्य करायचं आणि मग शाळेनं आपला आकार बदलायचा. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. कोसबाड डहाणूपासून फार लांब नाही, टेकडीवर झाडी दाट आहे, आणि संस्था अजून चालू आहे. बोर्डीला समुद्र बघायला येणाऱ्यांपैकी निदान काहींनी तरी गाडी तिकडे वळवावी.

बोर्डी सोडली की थोड्याच वेळात झाई येतं. तलासरी तालुका डोंगरातला, जंगलातला. त्याला समुद्र भेटतो तो झाईत. खाडीच्या मुखाशी होड्या, रंग उडालेल्या आणि नुकत्या रंगवलेल्या. जाळी वाळत घातलेली. बांबूच्या मांडवांवर ताणलेल्या दोऱ्यांना बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगलेले. वस्ती मांगेला मच्छीमारांची. त्यांची स्वतःची बोली आहे, बाजारात गुजराती, शाळेत मराठी. लहान मूल तिन्ही भाषा न अडखळता बोलतं आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नाही.

गावाच्या पलीकडे गुजरात सुरू होतो. दुकानांच्या पाट्यांची लिपी बदलते, दारूचं दुकान नाहीसं होतं, मोबाइलवर दुसऱ्या राज्याचं स्वागत येतं. एवढ्यावरूनच सीमा ओळखायची, कारण वाळू तीच आणि माणसंही तीच. १९६० पर्यंत हा सगळा ठाणे जिल्ह्याचा उंबरगाव तालुका होता. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्य फुटलं तेव्हा तालुक्यातली ४७ गावं आणि ३ शहरं सुरत जिल्ह्यात, म्हणजे गुजरातेत गेली. उरलेली २७ गावं आधी डहाणू तालुक्यात घातली गेली आणि १९६१ मध्ये त्यांचा तलासरी हा वेगळा महाल झाला. बाजाराचं गाव, रेल्वेचं ठाणं, तालुक्याची कचेरी उंबरगावला होती, ती तिकडे गेली. जंगल आणि पाडे इकडे राहिले. १ मे हा दिवस आपण मंगल कलशाचा म्हणून साजरा करतो आणि केलाच पाहिजे, पण त्याच दिवशी झाईच्या बाईचं माहेर दुसऱ्या राज्यात गेलं हेही त्यासोबत आठवावं. सोयरिकी अजून पलीकडे होतात. आजारी माणसाला वापी-वलसाडला नेतात, कारण ते जवळ पडतं. पाण्यात तर रेष कुणालाच दिसत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं पापलेट हा राज्यमासा जाहीर केला, दोन-तीन महिन्यांत गुजरातनं घोळ जाहीर केला. झाईच्या जाळ्यात दोन्ही राज्यांचे मासे येतात, आणि दोन्ही आता पूर्वीसारखे येत नाहीत. लहान पापलेट वाढायच्या आधीच धरली जाते, हे मच्छीमार स्वतःच सांगतात.

उंबरगावचा आणखी एक धागा वाचकांच्या घरात पोहोचलेला आहे. १९८७ च्या जानेवारीत रविवारी सकाळी रामानंद सागरांचं ‘रामायण’ सुरू झालं आणि रस्ते ओस पडू लागले. त्याची अयोध्या आणि लंका उभी होती ती उंबरगावच्या वृंदावन स्टुडिओत, झाईपासून हाकेच्या अंतरावर.

आता वाड्यांना न मिळणाऱ्या मजुरांचं. डहाणू-तलासरीच्या पाड्यांतले शेकडो तरुण ऑगस्टमध्ये घर सोडतात आणि ओखा, पोरबंदर, वेरावळच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात. अनेकांचे बाप-आजे कधी समुद्रावर गेले नव्हते. भात हे वर्षातून एकच पीक, आणि तेही दोन-चार महिने पुरेल इतकं. तांडेल किंवा त्याचा माणूस पाड्यावर येतो, हातात उचल ठेवतो, आणि ती फेडायला पोरगा मे महिन्यापर्यंत खाऱ्या पाण्यावर राहतो. कच्छच्या समुद्रात, सर क्रीकच्या पुढे, भारत आणि पाकिस्तानची हद्द अजून नक्की ठरलेली नाही. मासळीमागे गेलेली बोट पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाच्या हाती लागली की बोट जप्त होते आणि माणसं कराचीच्या तुरुंगात जातात. शिक्षा संपल्यावरही वर्षानुवर्षं सुटका होत नाही. काही जण तिथेच मेले आणि त्यांचे देह यायला आठवडे लागले. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या देतात. वर्तमानपत्रात ती दोन ओळींची बातमी असते. इथल्या पाड्यांत त्या दोन तारखा माहीत असलेल्या बायका आहेत. यादीत नाव आहे म्हणजे माणूस जिवंत आहे, एवढंच त्यातून कळतं. बोट गुजरातची, खलाशी महाराष्ट्राचा, कैद पाकिस्तानात. अशा कुटुंबाला दाद मागायला कोणत्या कचेरीत पाठवायचं याचं उत्तर दोन्ही राज्यांनी मिळून द्यायला हवं, आणि ते सीमेवरच्या एखाद्या विधवेनं शोधत बसू नये.

परतीला किनारा सोडून रेल्वे ओलांडावी आणि आतून तलासरी गाठावं. हा रस्ता पर्यटकांच्या नकाशात नसतो. दोन्ही बाजूंना झोडून झालेलं भात, पेंढ्याचे ढीग, वाघबारशीला पूजलेल्या वाघदेवाच्या शिळा, आणि नशीब असेल तर संध्याकाळी एखाद्या पाड्यावर तारपा. दुधी भोपळ्याचा फुगीर नळा आणि टोकाला ताडाच्या पानाचा कर्णा. वाजवणारा मध्ये, हात गुंफलेली माणसं त्याच्याभोवती, आणि तारप्याला पाठ न दाखवता पावलं टाकत जाणारी रांग. २०१८ च्या नोव्हेंबरपासून याच पाड्यांना भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीच्या आसपास दिवसातून कित्येकदा जमीन हलायची आणि भर थंडीत माणसं ताडपत्रीखाली झोपायची. धक्के अजून अधूनमधून येतात. घरांच्या भिंतींत त्या वर्षीच्या भेगा दिसतात.

झरी याच बाजूला आहे. २३ मे १९४५ रोजी इथे पाच हजारांवर वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असं ठरलं. बोलावणारे होते किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या शे-दोनशे रुपयांपायी नवरा-बायको दोघंही जन्मभर त्याच्याकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलं, आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९४५ च्या पावसाळ्यानंतर संप झाला तो गवत कापणीचा. हे गवत कुणासाठी? मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींसाठी. गठ्ठे बांधून ते रेल्वेनं शहरात जायचं आणि शहराला दूध मिळायचं. पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये मजुरी द्या, एवढीच मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ च्या रात्री तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले. संप मोडला नाही. मजुरी वाढली, वेठ गेली, आणि लग्नगडी सुटले. तलासरीत दर वर्षी १० ऑक्टोबरला लाल बावट्याखाली माणसं जमतात, आणि गावातल्या महाविद्यालयाला परुळेकरांचं नाव आहे.

तलासरीला पुन्हा महामार्ग लागतो. दिवाळी उलटलेल्या दिवसांत इथल्या नाक्यावर थोडा वेळ थांबून बघावं. टेम्पो आणि जीपगाड्या भरत असतात. टोपलं, हंडा, कोंबडी, गोधडी आणि माणसं. भात संपलं की पाडेच्या पाडे वसई, भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर निघतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मुंबईत उभ्या राहणाऱ्या इमारतींची वीट थापायला हेच हात जातात, आणि त्यांच्याबरोबर शाळेतली मुलंही. नोव्हेंबरात वर्ग अर्धे रिकामे होतात. विधायक संसद या संघटनेनं नव्वदच्या दशकात यावर एक मार्ग काढला. भट्टीच्या शेजारीच पाल उभारायचं, आईबापांच्या कामाच्या वेळेत तिथेच वर्ग भरवायचा, आणि मुलाचं वर्ष वाया जाऊ द्यायचं नाही. त्या शाळांना भोंगा शाळा म्हणतात. मुलगा जिथे असेल तिथे शाळा जाते ही कल्पना कोसबाडच्या कुरणावर एकदा तपासून झाली होती. आता ती भट्टीवर लागते, कारण मुलं तिथे असतात, आणि मे महिना येईपर्यंत तिथेच राहणार असतात.